काउचडीबी आणि पाउचडीबीमधील अपडेट कॉन्फ्लिक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काउचडीबी हा डेटाबेस आणि ब्राउझरमध्ये चालणारी पाउचडीबी ही त्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून ऑफलाइन चालणारी ॲप्स बांधणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. फील्डच्या नावाआधी दिसणारी अधोरेषा ही त्या नावाचाच भाग आहे. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतले आहे: गावातील एका बाळाची नोंद, जी आशाताईंच्या टॅबवर (टॅब्लेटवर) आणि अंगणवाडीताईंच्या टॅबवर, अशी दोन्हीकडे आहे. दोघींनाही दिवसातील बराच वेळ नेटवर्क मिळत नाही.

१. मी साधे सेव्ह करत होतो, तरी ४०९ एरर का आली?

तुम्ही ज्या आवृत्तीवर बदल केला, ती आवृत्ती तुम्ही सेव्ह करेपर्यंत शिळी झाली होती, म्हणून. काउचडीबीतील प्रत्येक डॉक्युमेंटला, म्हणजे नोंदीला, _आयडी (ओळख) आणि _रेव्ह (रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती) अशी दोन फील्ड असतात. बदल पाठवताना "मी अमुक रिव्हिजन वाचून हा बदल केला आहे" हे _रेव्हमधून सांगावे लागते. ती रिव्हिजन अजूनही टोकाची असेल, म्हणजे तिच्यापुढे दुसरा बदल झालेला नसेल, तर बदल स्वीकारला जातो. अन्यथा स्थिती ४०९, नाव "कॉन्फ्लिक्ट" आणि संदेश "डॉक्युमेंट अपडेट कॉन्फ्लिक्ट" अशी एरर परत येते. _रेव्ह मुळीच न पाठवता आधीपासून असलेल्या डॉक्युमेंटवर पुट (डॉक्युमेंट लिहिण्याची विनंती) केले, तरीही हीच एरर येते. या वेळी डेटाबेसमध्ये काहीही बदललेले नसते, आणि तुमचा बदलही तुमच्या हातात शाबूत असतो. ४०९ कडे बिघाड म्हणून पाहू नये. कोणाचे तरी लिखाण न वाचता तुम्ही ते पुसणार होता, एवढेच ती सांगत असते.

२. _रेव्हमधील "३-" आणि त्यापुढील लांबलचक अक्षरे म्हणजे काय?

आधीचा आकडा ही पिढी आहे: डॉक्युमेंट तयार झाले की १, पहिला बदल झाला की २, याप्रमाणे. डॅशनंतरचा भाग हा हॅश असून तो मजकूर, आधीची रिव्हिजन इत्यादींवरून काढला जातो. एकाच रिव्हिजनवर दोघांनी वेगवेगळे बदल केले, तर दोघांकडेही "३-" ने सुरू होणारी, पण पुढे निराळी अशी रिव्हिजन तयार होते. इतिहासाची ती सरळ रेघ तेथे फांदी फुटून झाडासारखी होते. प्रश्न ८ पासून पुढचे सगळे या झाडाभोवती फिरते. _रेव्ह स्वतः तयार करण्याचा किंवा त्यातील आकडा वेळेसारखा वापरण्याचा प्रयत्न करू नये.

३. त्यापेक्षा डेटाबेसने रेकॉर्ड लॉक का करू नये?

काउचडीबीचे काम डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केले आणि २००८ मध्ये तो अपाचीचा प्रमुख प्रकल्प झाला. एकमेकांपासून तुटलेल्या डेटाबेसांनी आपापल्या जागी काम करावे आणि भेट झाली की बदलांची देवाणघेवाण करावी, ही त्याच्या रचनेमागील धारणा आहे. लॉक लावण्यासाठी सर्व पक्ष त्या क्षणी एकमेकांच्या संपर्कात असावे लागतात. अंगणवाडीताईंचा टॅब डोंगरापलीकडे बंद पडलेला असेल, तर आशाताईंनी बाळाचे वजन लिहायचे थांबवायचे का? तेव्हा आधी लिहू द्यायचे आणि टक्कर झाली तर ती नंतर उघडपणे सोडवायची, हा मार्ग येथे निवडला आहे. त्याची किंमत म्हणजे या पानावरील बाकीचे प्रश्न.

४. सेव्ह करण्याच्या अगदी आधी ताजे _रेव्ह आणून माझ्या डॉक्युमेंटला चिकटवले, तर ४०९ येत नाही. हे बरोबर आहे का?

नाही. हा या पानावरील सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही याच युक्तीने होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आशाताईंनी सकाळी दहा वाजता बाळाचा फॉर्म उघडला. त्यात वजन ६.२ किलो आणि लसीचा रकाना रिकामा होता. फॉर्म उघडा असतानाच सिंक (डेटाबेसांमधील बदलांची देवाणघेवाण) झाले आणि अंगणवाडीताईंनी नोंदवलेले नवे वजन, ६.८ किलो, त्याच टॅबच्या डेटाबेसमध्ये आले; पडद्यावरच्या फॉर्ममध्ये मात्र ६.२ च राहिले. आशाताईंनी लसीची तारीख भरून सेव्ह दाबले. जुने _रेव्ह पाठवले असते, तर ४०९ येऊन ॲपला ही टक्कर कळली असती. पण ॲपने ताजे _रेव्ह आणले आणि फॉर्ममधील सगळी फील्ड त्याखाली लिहून टाकली. लसीची तारीख आली आणि वजन पुन्हा ६.२ झाले. कोणालाही एरर दिसली नाही, आणि इतिहासात तर असे दिसते की आशाताईंनी ६.८ हे वजन वाचून, विचार करून ते ६.२ केले.

_रेव्ह ही वाचल्याची पावती आहे. जे वाचलेच नाही, त्याची पावती जोडू नये. योग्य पद्धत अशी: फॉर्म उघडताना वाचलेले संपूर्ण डॉक्युमेंट, त्याच्या _रेव्हसह, जपून ठेवावे. सेव्ह करताना तेच _रेव्ह पाठवावे. ४०९ आली तर ताजे डॉक्युमेंट वाचून तीन गोष्टी समोर ठेवाव्यात: उघडताना होते ते, वापरकर्त्याने केले ते, आणि आता आहे ते. वापरकर्त्याने ज्या फील्डना हातच लावला नाही, त्यांची आताची किंमत ठेवावी. ज्यांना फक्त त्याने हात लावला, तेथे त्याची किंमत घ्यावी. आणि दोघांनीही एकच फील्ड वेगवेगळे बदलले असेल, तेथे दोन्ही किमती दाखवून वापरकर्त्याला विचारावे. ही तिसरी वेळ प्रत्यक्षात फार कमी येते, पण ती आल्यावर ॲपने परस्पर निर्णय घेणे बाळाच्या नोंदीसारख्या विषयात मला मान्य नाही.

५. मग अपसर्ट प्लगइन वापरणे चूक आहे का?

चूक नाही. पाउचडीबीचे अपसर्ट प्लगइन ताजे डॉक्युमेंट वाचून ते तुमच्या फंक्शनला देते, फंक्शनने परत केलेले डॉक्युमेंट लिहिते आणि ४०९ आली तर हेच पुन्हा करते. "भेटींच्या यादीत ही एक भेट जोड" यासारख्या, ताज्या स्थितीवर लागू करता येणाऱ्या बदलासाठी ते उत्तम आहे. "हा संपूर्ण फॉर्म लिही" यासाठी वापरले, तर प्रश्न ४ मधील नुकसान जसेच्या तसे होते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते फंक्शन एकाहून अधिक वेळा चालू शकते, म्हणून त्याच्या आत एसएमएस पाठवणे, पडद्यावर सूचना दाखवणे अशी कामे करू नयेत. तसेच लिहिण्यासारखे काही नसेल, तर फंक्शनमधून फॉल्स परत करावे, म्हणजे विनाकारण नवी रिव्हिजन तयार होत नाही. पुन्हा प्रयत्न करणारे फंक्शन स्वतः लिहिले असेल, तर प्रयत्नांना मर्यादा घालावी आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा, दर वेळी वेगळा, विराम ठेवावा.

६. ॲप मी एकटाच वापरतो आहे. तरीही ४०९ येते. टक्कर कोणाशी होते?

बहुधा तुमच्याच ॲपच्या दुसऱ्या भागाशी. नेहमीची कारणे चार आहेत. सेव्हचे बटण दोनदा दाबले जाते आणि दोन्ही पुट एकाच _रेव्हने निघतात. पुट यशस्वी झाल्यावर उत्तरात मिळालेले नवे _रेव्ह मेमरीतील डॉक्युमेंटवर चढवायचे राहून जाते आणि पुढचा बदल जुन्याच _रेव्हने जातो. डॉक्युमेंटला फोटो जोडला जातो. अटॅचमेंट जोडणे हाही डॉक्युमेंटमधील बदलच असल्याने _रेव्ह बदलते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शेवटचे कारण म्हणजे ब्राउझरचा दुसरा टॅब: एकाच ब्राउझरमधील दोन टॅब एकाच स्थानिक डेटाबेसवर लिहीत असतात. पुटच्या आधी आणि नंतर _आयडी व _रेव्ह कन्सोलवर छापले, की यांपैकी कारण कोणते ते लगेच दिसते.

७. सर्व्हरवर पुट पाठवताना नेटवर्क गेले. पुन्हा पाठवल्यावर ४०९ आली. बदल गेला की नाही?

पहिलाच प्रयत्न पोहोचला असण्याची आणि फक्त त्याचे उत्तर वाटेत हरवले असण्याची बरीच शक्यता आहे. अशा वेळी तुमची टक्कर तुमच्याच बदलाशी झालेली असते. ताजे डॉक्युमेंट वाचून मजकूर ताडून पाहावा. तो तुमच्या मजकुराशी जुळत असेल तर काम झाले आहे. नसेल तर प्रश्न ४ प्रमाणे पुढे जावे. नव्या डॉक्युमेंटचा _आयडी नेहमी ॲपनेच ठरवून पुट करावे. _आयडी सर्व्हरवर सोडून पोस्ट केले, तर अशा पुनर्प्रयत्नात एरर न येता एकाच नोंदीच्या दोन नोंदी होतात.

८. बल्कडॉक्सने शंभर डॉक्युमेंट पाठवली, एरर आली नाही, पण काही जुनीच राहिली. का?

बल्कडॉक्स ही अनेक डॉक्युमेंट एकदम पाठवण्याची सोय आहे; ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच होणार नाही असे काम, नव्हे. प्रत्येक डॉक्युमेंटचा निकाल स्वतंत्र असतो आणि काहींना कॉन्फ्लिक्ट आला तरी संपूर्ण विनंती यशस्वीच दिसते. उत्तरादाखल आलेल्या यादीतील प्रत्येक घटक तपासावा आणि कॉन्फ्लिक्ट आलेली डॉक्युमेंट वेगळी काढून त्यांवर काम करावे. न्यू-एडिट्स हा पर्याय फॉल्स ठेवला तर कॉन्फ्लिक्ट एरर येतच नाही, असे काहींनी "उपाय" म्हणून कळवले आहे. तो पर्याय रेप्लिकेशनसाठी, म्हणजे सिंकमध्ये बदल एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेण्यासाठी, आहे: त्यात आलेली रिव्हिजन जशीच्या तशी झाडात ठेवली जाते. म्हणजे एरर नाहीशी होते आणि तिच्या जागी पुढच्या प्रश्नातील लपलेला कॉन्फ्लिक्ट तयार होतो.

९. दोन टॅबवर ऑफलाइन बदल केले, सिंक सुरळीत झाले, एकही ४०९ आली नाही. पण एका ताईंचा बदल दिसत नाही. तो पुसला गेला का?

पुसला गेलेला नाही. तो लपला आहे. कॉन्फ्लिक्ट हा एकच शब्द येथे दोन वेगळ्या प्रसंगांसाठी वापरला जातो. एकाच डेटाबेसवर थेट लिहिताना टक्कर झाली, तर ती ४०९ च्या रूपाने तोंडावर सांगितली जाते. दोन डेटाबेसांवर आधीच स्वीकारलेले बदल सिंकमध्ये समोरासमोर आले, तर मात्र कोणालाही नकार देता येत नाही, कारण दोन्ही बदल आपापल्या जागी वैधच आहेत. मग दोन्ही फांद्या झाडात ठेवल्या जातात, एक "विजेती" ठरते, आणि साधे गेट (वाचन) केले की फक्त तीच परत येते. दुसऱ्या फांदीबद्दल तुम्ही विचारले नाही, तर डेटाबेस स्वतःहून काहीही सांगत नाही.

एका क्षेत्रीय सर्वेक्षणाच्या कामात माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली. ४०९ ची हाताळणी आम्ही नीट लिहिली होती आणि म्हणून कॉन्फ्लिक्टचा विषय संपला असे मी धरून चाललो. काही महिन्यांनी एका कार्यकर्तीने "मी त्या घरी जाऊन माप घेतले होते" असे ठामपणे सांगितले, तेव्हा आम्ही पहिल्यांदा लपलेल्या फांद्या काढून पाहिल्या. तिचे माप तेथे होते, तारखेसह. तोवर ते एकाही अहवालात आले नव्हते.

१०. विजेती रिव्हिजन कशी ठरते? शेवटचा बदल जिंकतो ना?

नाही, वेळेचा याच्याशी काहीही संबंध नाही. आधी, डिलीट न झालेली फांदी डिलीट झालेल्या फांदीपेक्षा वरचढ ठरते. मग जिची पिढी मोठी ती वरचढ. पिढीही सारखी असेल, तर हॅशची अक्षरक्रमाने तुलना होऊन मोठा हॅश जिंकतो. हा नियम प्रत्येक ठिकाणी सारखाच चालतो, त्यामुळे एकमेकांशी न बोलताही सर्व प्रती एकाच निकालावर येतात. त्याचे मोल तेवढेच आहे. एखाद्याने टायपिंगच्या चुका सुधारत पाच वेळा सेव्ह दाबले आणि दुसऱ्याने एकदाच, पण योग्य माहिती लिहून, तर पाच वेळा दाबणाराच जिंकतो. विजेत्या रिव्हिजनला "बरोबर" समजू नये.

११. लपलेले कॉन्फ्लिक्ट शोधायचे कसे?

एका डॉक्युमेंटपुरते पाहायचे असेल, तर गेट करताना कॉन्फ्लिक्ट्स हा पर्याय ट्रू द्यावा. टक्कर असल्यास _कॉन्फ्लिक्ट्स या फील्डमध्ये हरलेल्या रिव्हिजनांची यादी येते, आणि त्यांतील प्रत्येक रिव्हिजन तिचे _रेव्ह देऊन वाचता येते. संपूर्ण डेटाबेससाठी एक व्ह्यू (डॉक्युमेंटांवरून आपोआप बनणारी यादी) लिहावा, ज्याचे मॅप फंक्शन डॉक्युमेंटमध्ये _कॉन्फ्लिक्ट्स असेल तरच नोंद बाहेर काढते. हा व्ह्यू पहिल्या दिवसापासून असावा आणि तो रिकामा आहे की नाही, हे कोणीतरी नेमाने पाहावे.

१२. विजेत्या रिव्हिजनमध्ये योग्य मजकूर लिहिला, तरी _कॉन्फ्लिक्ट्स जात नाही. का?

कारण हरलेली फांदी अजून जिवंत आहे. विजेतीवर लिहिल्याने फक्त ती फांदी एका पिढीने वाढते. एकत्र केलेला मजकूर विजेतीवर लिहावा आणि प्रत्येक हरलेली रिव्हिजन तिच्या स्वतःच्या _रेव्हसह डिलीट करावी. आधी लिहावे आणि लेखन झाल्याची खात्री करून मग डिलीट करावे. उलट क्रमाने गेल्यास आणि मध्येच ॲप बंद पडल्यास एका फांदीतील माहिती हाताबाहेर जाऊ शकते. दोन्ही कामे एकाच बल्कडॉक्समध्ये करता येतात, पण प्रश्न ८ मधील सावधगिरी तेथेही लागू आहे.

१३. सिंकमधील कॉन्फ्लिक्टलाही प्रश्न ४ सारखी तीन बाजूंची तुलना करू शकतो का?

तत्त्वतः होय, पण येथे एक अडचण आहे. दोन फांद्या जेथून फुटल्या, ती मूळ रिव्हिजन झाडात नावाने सापडते. तिचा मजकूर मात्र असेलच असे नाही. कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे जागा मोकळी करण्याच्या प्रक्रियेत, टोकाच्या नसलेल्या रिव्हिजनांचा मजकूर काढून टाकला जातो, आणि रेप्लिकेशनमध्ये मुळात टोकांचाच मजकूर पाठवला जातो. म्हणजे मूळ रिव्हिजन टॅबवर तयार होऊन सिंकच्या आधीच मागे पडली असेल, तर तिचा मजकूर सर्व्हरने कधी पाहिलेलाच नसतो. काउचडीबीला गिटसारखा (कोडच्या सर्व आवृत्त्या जपणाऱ्या साधनासारखा) इतिहास समजणाऱ्यांची येथे फसगत होते.

त्यामुळे एकत्र करण्यासाठी लागणारी माहिती डॉक्युमेंटमध्येच ठेवावी. प्रत्येक महत्त्वाच्या फील्डसोबत ते कोणी आणि कोणत्या भेटीत बदलले हे लिहिले, की वजन एका फांदीतून आणि लस दुसऱ्या फांदीतून निर्धास्तपणे उचलता येते. टॅबच्या घड्याळावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. बॅटरी उतरून तारीख मागे गेलेली उपकरणे क्षेत्रात नेहमी भेटतात.

१४. प्रत्येक टॅब स्वतःच कॉन्फ्लिक्ट सोडवत असेल तर?

दोन टॅबनी एकच टक्कर वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवली, तर त्या सोडवणुकींचीच नवी टक्कर होते. दोघांनी विजेतीवर तंतोतंत एकच मजकूर लिहिला, तर पाउचडीबीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडे एकच _रेव्ह तयार होते आणि टक्कर होत नाही. त्यासाठी एकत्रीकरणाचा नियम काटेकोर असावा आणि त्यात "आता किती वाजले" यासारखी बदलती माहिती मिसळू नये. काउचडीबी आणि पाउचडीबी यांची हॅश काढण्याची पद्धत मात्र सारखी नाही, म्हणून एकीकडे सर्व्हर आणि दुसरीकडे टॅब अशी वाटणी असेल, तर एकसारख्या मजकुराचीही दोन टोके होऊ शकतात. शक्य असेल तेथे हे काम सर्व्हरवरील एकाच प्रक्रियेकडे द्यावे, असे माझे मत आहे.

१५. डिलीट केलेले डॉक्युमेंट परत आले. हे कसे?

दोन वाटा संभवतात. पहिली: डॉक्युमेंटवर लपलेला कॉन्फ्लिक्ट होता आणि तुम्ही विजेती रिव्हिजन डिलीट केली. प्रश्न १० मधील पहिल्या नियमानुसार आता उरलेली जिवंत फांदी जिंकते, आणि जुना मजकूर भुतासारखा समोर उभा राहतो. अशा वेळी सर्व टोके डिलीट करावी लागतात. दुसरी: तुम्ही डिलीट केले आणि त्याच वेळी दुसऱ्याने ऑफलाइन बदल केला. येथेही जिवंत फांदीच जिंकते. डिलीट झालेले टोक साध्या _कॉन्फ्लिक्ट्स यादीत येत नाही, म्हणून प्रश्न ११ मधील व्ह्यूला ही टक्कर दिसत नाही. त्यासाठी काउचडीबीत डिलीटेड-कॉन्फ्लिक्ट्स हा वेगळा पर्याय आहे. तसेच ओपन-रेव्ह्ज ऑल असे मागून सर्व टोके पाहता येतात. डिलीट हे मोठ्या निर्णयाचे निदर्शक असेल, उदाहरणार्थ कुटुंब गाव सोडून गेले, तर डॉक्युमेंट खरोखर डिलीट न करता "बंद" असे फील्ड ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

१६. जागा वाचवण्यासाठी रेव्ह्ज-लिमिट १ केले तर?

करू नये. ही मर्यादा किती पूर्वज रिव्हिजनांची नावे लक्षात ठेवायची यासाठी आहे आणि ती मुळात १००० असते. ती फार कमी केली, तर बरेच दिवस ऑफलाइन राहिलेल्या टॅबवरील रिव्हिजन आणि सर्व्हरवरील रिव्हिजन यांचा समान पूर्वज सापडत नाही, आणि जे एकाच रेघेतील बदल होते त्यांचाही खोटा कॉन्फ्लिक्ट होतो. जागा मजकुराने व्यापली जाते. ती मोकळी करण्याचे काम कॉम्पॅक्शनचे आहे. कॉम्पॅक्शन टोकांना हात लावत नाही, त्यामुळे न सोडवलेले कॉन्फ्लिक्ट जागा अडवून बसतात.

१७. सर्व्हर एकच पत्ता दाखवतो, पण मागे क्लस्टर आहे. तेथे तरी ४०९ ची हमी आहे ना?

पूर्ण हमी नाही. काउचडीबी २.० पासून, म्हणजे २०१६ पासून, क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या अनेक सर्व्हरांमध्ये (नोडमध्ये), एका डॉक्युमेंटच्या अनेक प्रती ठेवता येतात. दोन विनंत्या एकाच क्षणी वेगवेगळ्या नोडवर पोहोचल्या, तर दोन्ही स्वीकारल्या जाऊन लपलेला कॉन्फ्लिक्ट तयार होऊ शकतो. पुटचे उत्तर २०१ ऐवजी २०२ आले, तर पुरेशा प्रतींनी लेखनाला दुजोरा दिलेला नाही असे समजावे. म्हणून ऑफलाइन काम मुळीच नसले, तरी प्रश्न ११ मधील व्ह्यू ठेवावा.

१८. कॉन्फ्लिक्ट मुळात कमी व्हावेत यासाठी डेटाची मांडणी कशी करावी?

दोन माणसे एकाच डॉक्युमेंटवर लिहितील असे प्रसंग कमी करावेत. बाळाच्या एकाच डॉक्युमेंटमध्ये सर्व वजने आणि सर्व लसी कोंबण्याऐवजी प्रत्येक मापाचे आणि प्रत्येक लसीचे स्वतंत्र डॉक्युमेंट करावे, त्यात बाळाचा _आयडी लिहावा, आणि वाढीचा तक्ता व्ह्यूमधून काढावा. आशाताई आणि अंगणवाडीताई मग दोन वेगळी डॉक्युमेंट तयार करतात आणि टक्कर होण्याचे कारणच उरत नाही. साठ्याची मोजणीही अशीच करावी: "शिल्लक ४०" हे फील्ड बदलत राहण्याऐवजी "५ दिले", "२० आले" अशी डॉक्युमेंट लिहून व्ह्यूच्या रिड्यूस फंक्शनने बेरीज घ्यावी.

जी गोष्ट एकदाच घडायला हवी, तिच्यासाठी मात्र उलट करावे आणि टक्कर मुद्दाम ओढवून घ्यावी. लसीच्या डॉक्युमेंटचा _आयडी बाळाचा क्रमांक, लसीचे नाव आणि मात्रेचा क्रमांक जोडून केला, तर एकाच डेटाबेसवर तीच मात्रा दुसऱ्यांदा नोंदवताना ४०९ येते, आणि दोन टॅबवर ऑफलाइन नोंदवली गेली तर सिंकनंतर ती कॉन्फ्लिक्टच्या व्ह्यूमध्ये दिसते. यादृच्छिक _आयडी दिला असता, तर बाळाला दोन मात्रा दिल्याची नोंद कोणालाही न खटकता तशीच राहिली असती.